ओसाकातल्या मांजरांकडे जाताना

प्राजू, परवा तुझी आई सांगत होती, ओसाकात घरच्यांपेक्षा विश्रामबागेतल्या बोक्याचीच आठवण जास्त येते म्हणे तुला. मग मांजरांच्या कॅफेत जा की! मीही तिकडे असताना तेच करायचे. भाड्याच्या बऱ्याच घरांत प्राणी पाळू देत नाहीत, म्हणून तर ही कॅफे चालतात. पहिलं १९९८ साली तैपेईत निघालं, जपानमधलं पहिलं २००४ मध्ये, तुझ्याच ओसाकात.

पैसे कॉफीचे नसतात, वेळेचे असतात. अर्ध्या तासाचे भरून चाळीस मिनिटं रेंगाळलीस तर वरचे द्यावे लागतात, मी दिलेत. बूट दाराशी काढायचे, हात धुवायचे. मोजे धड घाल. (माझा अंगठा बाहेर डोकावत होता.)

आत गेल्यावर आपल्या सवयीने "ये ये मने" करत मागे लागू नकोस. उचलायचं नाही, झोपलेल्याला हात लावायचा नाही, फ्लॅश बंद. गुपचूप खाली बस. एखादीनं बघितलंच तर नजर रोखू नकोस. डोळे सावकाश मिटायचे, सावकाश उघडायचे. बऱ्याचदा तीही तसंच करते. मला पहिल्या दिवशी कुणी ढुंकून विचारलं नाही. शेवटी एक पिवळी येऊन ओढणीवर बसली, तोवर वेळ संपली!

आणि पर्समधली भडंगाची पुडी तिथं उघडू नकोस. त्यातला लसूण मांजरांना विषारी.

बोक्याची काळजी नको. रोज सकाळी आमच्याकडचं दूध पिऊनच जातो.