वाचकांचे प्रश्न : नितळ ओढा, तांबूस दगड

प्रश्न : आमच्या वस्तीच्या वरच्या अंगाला धातूची खाण होती, ती बंद होऊन बरीच वर्षं झाली. खालच्या ओढ्याचं पाणी इतकं नितळ आहे की तळ दिसतो, फक्त दगडांवर तांबूस थर बसतो. ते उकळून प्यायलं तर चालेल का? आणि काठावर पालेभाजी लावली तर?

उत्तर : पिऊ नका, उकळूनही नाही. उकळल्यानं जंतू मरतात. खाणीतून पाण्यात उतरणारे शिसं, कॅडमियम, आर्सेनिक असे विषारी पदार्थ मात्र भांड्यातच राहतात. वाफ गेली की उरलेलं पाणी उलट थोडं दाटच होतं.

माझी उमेदीची वर्षं पाणी तपासण्यात गेली, आणि मला भीती वाटते ती अशा नितळ पाण्याचीच. असा आरशासारखा नमुना घेऊन त्यात थोडा सोडा घातला की बघता बघता तांबूस गुठळ्या तरंगू लागतात. आम्ल पाण्यात लोह विरघळलेलं असतं, म्हणून डोळ्याला दिसत नाही. त्यात शेवाळ नाही, मासा नाही, मग गढूळ कशानं होणार?

खाण बंद झाली म्हणजे त्रास संपला, असं नसतं. पंप थांबले की बोगदे पाण्यानं भरतात. खडकातल्या पायराइटला, म्हणजे लोह आणि गंधकाच्या खनिजाला, हवा आणि पाणी मिळालं की गंधकाम्ल तयार होतं, काही जीवाणू त्याचा वेग कितीतरी वाढवतात, आणि ते आम्ल वाटेत भेटेल तो धातू सोबत घेतं. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलची व्हील जेन ही कथिलाची खाण १९९१मध्ये बंद झाली. जानेवारी १९९२मध्ये आत साठलेलं पाणी फुटून बाहेर आलं आणि खाली खाडीपर्यंत नारिंगी झालं.

नमुना एकदाच घेऊन भागत नाही. कोरड्या दिवसांत काठावर क्षारांची पांढरी-पिवळी पूड साचते, ती पहिल्या जोरदार पावसात एकदम विरघळते. त्या पावसातला नमुना घ्याच. बाटली प्रयोगशाळेकडूनच आणा. धातू बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटू नयेत म्हणून तिथले लोक नमुन्यात नायट्रिक आम्ल घालतात. विहीर असेल तर तीही तपासून घ्या.

आता भाजी. पालेभाज्या कॅडमियम चांगलंच ओढून घेतात, फळभाज्या त्या मानानं कमी. शिसं मुळातून फारसं वर चढत नाही. ते पानावरच्या धुळीतून आणि मुलांच्या हातांवरून पोटात जातं. झांबियातल्या काब्वेची शिशाची खाण १९९४मध्ये बंद झाली, तरी तिथल्या मुलांच्या रक्तात शिसं सापडतंच.

मातीत चुना घाला, असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. आम्ल जमिनीत चुन्यानं कॅडमियम बऱ्यापैकी बांधलं जातं, पण आर्सेनिक असेल तर ते मोकळं होण्याचा धोका असतो. म्हणून आधी मातीचा अहवाल येऊ द्या. तोवर भाजी हवीच असेल तर दुसरीकडून आणलेल्या मातीच्या उंच वाफ्यात लावा, आणि पाणी ओढ्याचं देऊ नका.