पिसो : पिसाचा नव्हे, पिशाचाचा

मालवणकडच्या एका वाचकाने विचारले आहे : "आमची आजी रागावली की 'पिसो झालो काय रे?' म्हणायची. पिसो म्हणजे वेडा. पण डोके पिसासारखे हलके झाले म्हणून पिसो, अशी व्युत्पत्ती वाचली. ती खरी आहे का? आणि आजच्या काळात हा शब्द वापरावा का?"

व्युत्पत्ती साफ खोटी आहे. ही हलक्या डोक्याची गोष्ट व्हॉट्सॲपवरून इतकी फिरली आहे की आता मराठी शिकवणारी माणसेही ती ठामपणे सांगू लागली आहेत. दोन शब्द सारखे दिसले की त्यांचे गोत्र एक, असे धरून चालणाऱ्यांनी व्युत्पत्तीच्या वाटेला जाऊ नये.

पक्ष्याचे पीस आले संस्कृत 'पिच्छ' वरून. मोरपिच्छ म्हणतो तेच ते पिच्छ. प्राकृतातल्या 'च्छ'चा मराठीत 'स' होतो, हा नियम पक्का आहे : मत्स्य, मच्छ, मासा, इक्षु, उच्छु, ऊस, पृच्छ, पुच्छ, पुसणे. तसेच पिच्छ, पीस. इथे पिसाचा हिशेब संपला.

पिसो आला 'पिशाच' वरून. प्राकृतात 'श'चा 'स' झाला, दोन स्वरांमधला 'च' गळून पडला आणि 'पिसाअ' उरले. शेवटचे दोन स्वर मिळून मराठीत 'पिसा' झाला. आता खरी गंमत पाहा. या 'पिसा'तला शेवटचा 'आ' मुळात पुल्लिंगी प्रत्यय नाही, तो पिशाचाच्या पोटातला 'आ' आहे. पण बोलणाऱ्यांना तो घोडा, आंबा, काळा यांच्यासारखा वाटला. मग जिथे घोड्याचा घोडो आणि काळ्याचा काळो होतो, त्या कुडाळ-मालवण-सावंतवाडीपासून खाली गोव्यापर्यंतच्या पट्ट्यात 'पिसा'चाही 'पिसो' झाला. भुताचे शेपूट कापून तिथे व्याकरणाने आपला ओकार लावला! 'पिसाट' आणि 'पिसाळलेला कुत्रा' हेही याच घरातले. 'पिसाळणे' हे पिशाचाच्याच 'पिसल्ल' या दुसऱ्या प्राकृत रूपावरून थेट आणू नये, कारण जोड 'ल्ल'चा मराठीत 'ल' होतो, 'ळ' नाही. पिसा या शब्दाला मराठीतच 'आळ' जोडून ते झाले, असे मी मानतो.

पिशाचाच्याही मागे जायचे तर वैयाकरणांनी तो 'पिशित' म्हणजे मांस आणि 'आश' म्हणजे खाणारा, असा फोडला आहे. साध्या नियमांनी ही फोड जमत नाही, म्हणून पाणिनीच्या सूत्रांवरच्या 'काशिका' या टीकेने 'पिशिताश'चा 'पिशाच' कसा झाला ते 'पृषोदर' वगैरे शब्दांच्या सूत्राखाली समजावून सांगितले. म्हणजे आजीने नातवाला जे म्हटले त्याच्या तळाशी कच्चे मांस खाणारे भूत बसलेले आहे. आजीला त्याचा पत्ता नव्हता, आणि असायचे कारणही नव्हते. आपल्याकडे भुतांची नावे भरपूर आहेत, देवचार, मुंजा, समंध, खवीस, हडळ. भुतांच्या राजाला आरवलीत वेतोबा म्हणून आपण केळी आणि भलेमोठे चामडी जोडे वाहतो. 'पिशाच' मात्र गावच्या तोंडी क्वचितच येते. 'पिसो' तेवढा रोजचा.

आता ज्या शब्दाने मला वर्षानुवर्षे आनंद दिला आहे तो सांगतो. कोकणीत फुलपाखराला 'पिसोळें' म्हणतात. हे पिसावरून आले असे म्हणणारे बरेच आहेत. माझे ठाम मत असे की ते पिसोवरूनच आले. फुलपाखराच्या पंखावर पीस नसतेच, बोटाला लागते ती बारीक पूड. पण त्याचे उडणे बघा : सरळ रेषा ठाऊक नाही, एका फुलावर बसते न बसते तोच भलतीकडे. नाव ठेवणाऱ्याच्या डोळ्यात आधी हे उडणे भरणार, पंखाचा पोत नंतर. पिसोळें म्हणजे छोटे पिसे, छोटे वेडे. आणि तिकडे ग्रीकांची 'सायकी' घ्या. तिचा अर्थ जीव किंवा मन, आणि तोच शब्द फुलपाखरालाही. जर्मन वैद्य योहान ख्रिस्तियान राइल याने १८०८ साली तिलाच वैद्याचा ग्रीक शब्द जोडून मनोविकारशास्त्राचे नाव घडवले, जे आपण सायकियाट्री म्हणून वापरतो. पिसोळें आणि सायकी यांचे रक्ताचे नाते नाही, ते कुणी जोडूही नये. पण दोन दूरदूरच्या किनाऱ्यांवर मन आणि फुलपाखरू यांची गाठ पडावी, याचे मला अजून नवल वाटते.

काही विद्वान पिसे, म्हणजे वेड, हा शब्द दक्षिणेकडून आणतात. तेलुगूत वेडाला 'पिच्चि', कन्नडात 'हुच्चु', तमिळात 'पित्तु', म्हणून आमचे पिसे द्राविडी. मराठीवर द्राविडी ऋण मोठे आहे, ते मी कधीच नाकारत नाही. पण हे कर्ज आपल्या खात्यावरचे नाही. 'च्च'चा मराठीत 'च' राहतो : सत्य, सच्च, साच, नृत्य, णच्च, नाच. पिच्चीवरून मराठीत 'पीच'सारखे काहीतरी निघाले असते, 'पिसे' नव्हे. ज्यांना हा साधा ध्वनिनियम आड येत नाही त्यांनी आधी तो चुकीचा आहे असे दाखवून द्यावे, मग बोलावे.

पण त्यांच्या उदाहरणात एक मोलाची गोष्ट आहे, जी त्यांनी स्वतः सोडून दिली. तमिळात 'पित्तम्' म्हणजे पित्तही आणि वेडही. शिवाला 'पित्ता', अरे वेड्या, अशी हाक मारणारे सुंदरर हे संतकवी तिकडचेच. ग्रीकांचे 'मेलांकोलिया' म्हणजे काळे पित्त. आपण तापात बरळणाऱ्याला 'वात झाला' म्हणतो. एका शब्दकुळात वेड बाहेरून येते, भूत होऊन अंगात शिरते. दुसऱ्यात ते शरीरातच बिघडते. वेडाकडे बघण्याच्या या दोन वाटा वैद्यकाच्या सगळ्या इतिहासात शेजारी शेजारी चालल्या आहेत.

चरकसंहितेत तर त्या एकाच प्रकरणात भेटतात. उन्माद पाच प्रकारचा : वात, पित्त, कफ, तिन्ही मिळून, आणि पाचवा आगंतु, म्हणजे देव-गंधर्व-पिशाच वगैरेंमुळे होणारा. इथवर वाचून लोक म्हणतात, बघा, चरकानेही भूत मानले. पुढचा श्लोक ते वाचत नाहीत :

नैव देवा न गन्धर्वा न पिशाचा न राक्षसाः ।
न चान्ये स्वयमक्लिष्टमुपक्लिश्नन्ति मानवम् ॥

जो स्वतःच्या कर्माने आधीच पीडलेला नाही त्याला देव, गंधर्व, पिशाच, राक्षस किंवा आणखी कोणीही पीडत नाही. चरक याला प्रज्ञापराध, म्हणजे बुद्धी चुकल्यामुळे घडलेला अपराध, म्हणतो, आणि त्यात पूर्वजन्मीचे कर्मही धरतो. आजचा मनोविकारतज्ज्ञ हे कारण मान्य करणार नाही, आणि त्याने करूही नये. पण पिशाचाकडे दोष जाऊ नये एवढे काम या श्लोकाने केले. झाड लागले, बाहेरचे झाले म्हणून आजारी माणसाला भूत उतरवणाऱ्या घाड्याकडे नेणाऱ्यांना तो ऐकवावा. अंगातले भूत काढतो म्हणून माणसाला बांधून मारणे हा तर महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हाच आहे.

इंग्रजांची भाषाही याहून शहाणी नव्हती. १८५८ चा कायदा 'ल्युनॅटिक' लोकांच्या आश्रयस्थानांचा. ल्युनॅटिक म्हणजे चंद्रामुळे बिघडलेला. रत्नागिरीचे मनोरुग्णालय १८८६ मध्ये उभे राहिले ते याच कायद्याच्या अमलात. पौर्णिमा-अमावास्येला समुद्राला उधाण येते तसे वेडालाही येते, ही समजूत आपल्या किनाऱ्यावरही होतीच, तेव्हा या शब्दाचे आपल्याला आश्चर्य वाटायला नको. १९१२ च्या कायद्याने चंद्र तसाच ठेवला. तो गेला १९८७ च्या कायद्याने, आणि २०१७ च्या कायद्याने तर माणूस पुढे आणि आजार मागे ठेवला : मनोविकार असलेली व्यक्ती. रुग्णाला साखळीने बांधायला त्याच कायद्याने बंदी घातली.

मनावर परिणाम करणारे औषध मात्र आपल्याच रानात होते. सह्याद्रीत उगवणाऱ्या सर्पगंधेच्या मुळीचा उन्मादावर उपयोग गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली शास्त्रीय निबंधात मांडला. त्याच मुळीतून १९५२ मध्ये रेसर्पिन वेगळे काढले गेले, आणि काही वर्षे ते जगभरच्या मनोरुग्णालयांत वापरले गेले.

आता तुमचा दुसरा प्रश्न. नातवाला लाडाने-रागाने 'पिसो' म्हणायला काही हरकत नाही. संतांनी देवाच्या ध्यासालाही पिसेच म्हटले, ती गोडी शब्दात अजून आहे. पण ज्याला खरोखर आजार आहे त्याच्यासाठी हा शब्द नको. आणि 'ह्याला रत्नागिरीला पाठवा' ही कोकणातली घाणेरडी थट्टा तर बंदच व्हायला हवी, कारण ती ऐकणाऱ्यांत कुणाचा तरी भाऊ किंवा आई तिथे उपचार घेत असते, आणि त्या हसण्यामुळेच कितीतरी घरे डॉक्टरकडे उशिरा जातात. 'मनोरुग्ण' हा शब्द चालतो, 'मनोविकार असलेली व्यक्ती' त्याहून बरा. बुद्धीची वाढ कमी असणे ही वेगळी गोष्ट. 'खुळो' म्हणून दोन्हींची सरमिसळ करू नये. २०१७ च्या कायद्यानेही बुद्धीची कमी वाढ मनोविकाराच्या व्याख्येबाहेर ठेवली आहे.

आणि लिहिताना स्त्रीलिंगी 'पिशी' लिहा, 'पिसी' नव्हे. ईकारापुढे 'स'चा 'श' होतो : म्हैस, म्हशी, घूस, घुशी. मूळ पिशाचातला 'श' तिथे परत आला असे कुणी सांगेल, त्यावर विश्वास ठेवू नका.