चारचौघांत प्रार्थना करताना शब्द सुचत नाहीत

प्रश्न : लग्नानंतर मी सांगलीस आले आणि येथील ख्रिस्ती मंडळीची (चर्चची) सभासद झाले. रविवारची उपासना मी चुकवत नाही. परंतु बुधवारच्या घरगुती सभेत पाळकसाहेबांनी (मंडळीच्या धर्मगुरूंनी) प्रार्थना करण्यास सांगितले की घशाला कोरड पडते. एकटी असतानाही हल्ली तीच ती चार वाक्ये तोंडात येतात. प्रार्थना ही देवाची आणि माझी खासगी बाब असताना, ती मंडळीत राहूनच वाढते असे का सांगतात?
– एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर : ताई, आपण दोन तक्रारी मांडल्या असल्या, तरी माझ्या मते त्यांचे मूळ एकच आहे. आपण शब्द स्वतःच्याच गाठोड्यातून काढू पाहता आणि ते गाठोडे रिकामे झाले आहे. खोलीत जाऊन, दार लावून प्रार्थना करण्यास प्रभू येशूनेच सांगितले, तेव्हा एकान्त सोडू नये हे खरेच. परंतु बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या त्याच सहाव्या अध्यायात, अवघ्या काही ओळींनंतर, त्याने जी प्रार्थना शिकवली तिच्यात ‘मी’ किंवा ‘माझे’ हा शब्द एकदाही येत नाही. रोजची भाकरही ‘आमची’ आहे. स्वयंपाकघरात एकटीने ती प्रार्थना म्हणणारी बाई शेजारणीच्या भाकरीसाठीही मागत असते, मग तिला त्याचे भान असो वा नसो.

आमच्या साताऱ्याच्या सभेत एक वृद्ध बाई येतात. त्यांच्या पिशवीत शाळकरी मुलांची असते तशी एक वही असते आणि तीत पेन्सिलीने नावे लिहिलेली असतात : कोणाचे ऑपरेशन, कोणाच्या मुलाची नोकरी, कोणाच्या घरातला अबोला. काम झाले की त्या नाव खोडत नाहीत, पुढे तारीख घालतात. त्यांची पाळी आली की एक नाव, एक गरज आणि आमेन. (पंधरा मिनिटे देवालाच प्रवचन देणारे बंधूही आमच्याकडे आहेत, तोवर चहा निवतो.) मी बोलकी प्रार्थना शिकलो ती या वहीवरून.

शब्द उसने घेण्यात कमीपणा नाही. बायबलमधील स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत. रोज एक मोठ्याने वाचले तर पाच महिने पुरतात. तेरावे स्तोत्र तर ‘कोठवर’ या गाऱ्हाण्यानेच सुरू होते. ज्या दिवशी मन आनंदात असते त्या दिवशी आपण होऊन ते कोणी उघडणार नाही; उपासनेत मात्र ते वाचले जाते आणि शेजारच्या बाकावरील कोणाच्या तरी मनातले असते. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला, तेव्हा बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना त्यांनी एकत्र बोलावले. उपासनेसाठी अभंगासारख्या, मराठी तोंडाला सवयीच्या छंदांत त्यांनी गीते रचली. तेव्हा गद्य सुचत नसेल त्या बुधवारी टिळकांच्या गीताचे एक कडवे म्हणावे, तीही प्रार्थनाच होय.

पाळकसाहेबांना सभेपूर्वीच सांगून ठेवावे की मी एकच वाक्य बोलेन. त्या आठवड्यात मंडळीतील एखाद्या आजारी माणसाच्या घरी जाऊन यावे, त्याच्या उशाशी दहा मिनिटे बसावे आणि बुधवारी त्याचे नाव घ्यावे. मध्येच आवाज अडखळला तर तेथेच थांबावे. आमेन म्हणायला बाकीचे आहेत.