पाच जण, पाच आठवणी : खरं कुणाचं मानायचं?

प्रश्न : डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडच्या सभासदांच्या मुलाखती जोडून केलेला मौखिक इतिहास सध्या वाचतो आहे. 'स्मोक ऑन द वॉटर' या गाण्याच्या जन्माची हकीकत प्रत्येक जण आपापल्या परीनं सांगतो. गायक इयन गिलननं 1973 मध्ये बँड का सोडला, यावर तर कुणाचंच कुणाशी जुळत नाही. अशा वेळी विश्वास कुणावर ठेवायचा?
– एक वाचक

उत्तर : माझं सगळं आयुष्य ध्वनिमुद्रणात गेलं, त्यामुळे हा प्रश्न मला फार जवळचा आहे. महिन्याभरापूर्वीच्या रेकॉर्डिंगबद्दल विचारलं तरी दोन वादक दोन गोष्टी सांगतात. खोटं कुणी बोलत नसतं. ड्रमवाल्याला लय आठवते, गायकाला शब्द आठवतात, आणि त्या दिवशी ज्याचा अपमान झाला त्याला फक्त तो अपमान आठवतो. तेव्हा बोलणारा त्या वेळी नेमका कुठे उभा होता, हे आधी पाहा.

तुम्ही विचारलेल्या गाण्याचंच घ्या. ते एका खऱ्या आगीवर आहे. 4 डिसेंबर 1971 ला स्वित्झर्लंडमधल्या माँट्रो गावच्या कॅसिनोत फ्रँक झॅपा या अमेरिकन रॉक संगीतकाराचा कार्यक्रम चालू होता. प्रेक्षकांतल्या कुणीतरी छताकडे फ्लेअर गन, म्हणजे इशाऱ्याचा पेटता गोळा उडवणारी बंदूक, झाडली आणि इमारत जळून गेली. डीप पर्पलची मंडळी गावातच होती, कारण झॅपाचा कार्यक्रम संपला की कॅसिनो रिकामा होणार आणि नवा अल्बम ते तिथेच मुद्रित करणार, असं ठरलं होतं. रोलिंग स्टोन्स या बँडची फिरती स्टुडिओ-गाडी त्यासाठीच मागवली होती. माँट्रोच्या जॅझ महोत्सवाचा कर्ताधर्ता क्लोद नोब्ज धुरातून पोरांना बाहेर काढत होता. इथवर सगळ्यांचं सांगणं जुळतं, आणि शंका घ्यायला जागा नाही.

पुढे प्रत्येक जण आपला तुकडा सांगतो. बास वाजवणारा रॉजर ग्लोव्हर म्हणतो, आगीनंतर एका सकाळी झोपेतून जाग येताना ते शीर्षक आपल्या तोंडून निघालं. गिलनला ते ऐकून आधी अमली पदार्थांवरचं गाणं वाटलं होतं. या दोन आठवणी मी निःशंक मानतो. एकानं आपल्याला काय सुचलं ते सांगितलं, दुसऱ्यानं आपल्याला काय वाटलं ते. दोघंही दुसऱ्याच्या डोक्यात शिरलेले नाहीत.

मग येतो पॅव्हेलियनचा किस्सा. कॅसिनो गेल्यावर ते या जुन्या थिएटरात वाजवू लागले, आवाजानं गाव जागं झालं, दारावर पोलिसांच्या थापा, आणि टेक पुरा होईपर्यंत बँडची माणसं आतून दार धरून उभी. दर वेळी सांगताना असा किस्सा थोडा फुलतोच. पण गाभा पक्का आहे : या गाण्याचा पाया तिथे रेकॉर्ड झाला आणि बाकीचं काम त्यांना दुसरीकडे न्यावं लागलं.

ती दुसरी जागा म्हणजे हिवाळ्यासाठी बंद असलेलं ग्रँड हॉटेल. तिथला तपशील मात्र सावकाश वाचा. थंड, रिकामा कॉरिडॉर. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना टेकवलेल्या गाद्या. स्टुडिओ-गाडी बाहेर उभी. आपण काय वाजवलं ते ऐकायचं तर खोल्या, न्हाणीघरं, बाल्कन्या ओलांडत गाडीपर्यंत जायचं आणि त्याच वाटेनं परत यायचं. शेवटी त्यांनी प्रत्येक टेक ऐकायला जाणं सोडून दिलं. माझ्या लेखी अख्ख्या हकीकतीतली सर्वांत मोलाची आठवण हीच. तिच्यात कुणाची बढाई नाही, आणि 'मशीन हेड' हा तिथे झालेला अल्बम ऐकताना ती कानाला पटते. वाजवून झालं, पटलं, की पुढे, असाच तो आवाज आहे. 'स्मोक ऑन द वॉटर'ची सुरुवात लावून बघा. रिची ब्लॅकमोरची गिटार एकटी सुरू होते, मग एकेक वाद्य येऊन मिळतं. जॉन लॉर्डनं हॅमंड ऑर्गन गिटारच्या मार्शल अँप्लिफायरमधून वाजवला आहे, म्हणून तो गिटारला इतका बिलगतो. टेप भांडत नाही, म्हणून वाचताना अल्बम हाताशी हवाच.

चाल कशी सुचली, याची उत्तरं मी सर्वांत कमी धरतो. ब्लॅकमोरनं पुढे या चालीचं नातं बीथोवनच्या पाचव्या सिंफनीशी जोडलं. ते त्याला मनापासून वाटत असेल, पण सुचण्याचं कारण माणूस बहुधा मागाहून शोधतो. उलट त्यांच्याच 'चाइल्ड इन टाइम' या गाण्याची मूळ चाल इट्स अ ब्युटिफुल डे या अमेरिकन बँडच्या 'बॉम्बे कॉलिंग'वरून आली, हे डीप पर्पलची माणसं स्वतःच सांगतात. आपलं श्रेय कमी करणारी साक्ष सहसा खरी असते.

आणखी एक विचारा : या पुस्तकात कोण बोलत नाही? गाडीत बसून हे सगळं मुद्रित करणारा मार्टिन बर्च 2020 मध्ये गेला. लॉर्ड 2012 मध्ये गेला, नोब्ज 2013 मध्ये. मागे राहिलेल्यांचंच म्हणणं हळूहळू इतिहास बनतं, आणि ध्वनिमुद्रकाची बाजू तर पहिल्यापासूनच कमी छापली जाते, याचं मला वाईट वाटतं.

आता गिलनचं. त्यानं 1972 च्या अखेरीस राजीनाम्याचं पत्र दिलं आणि 29 जून 1973 ला ओसाकात शेवटचा कार्यक्रम केला. म्हणजे निर्णय झाल्यावरही सहा महिने तो त्याच चौघांबरोबर गात होता. रागाच्या भरात उठून गेला, असं कुणी सांगत असेल तर ते या तारखांत बसत नाही. दमछाक, सततचे दौरे, ब्लॅकमोरशी बेबनाव ही कारणं कमी-जास्त प्रमाणात सगळेच देतात. प्रमाण कुणाचं खरं, ते ठरवायचं तर प्रत्येक उद्गारापुढे मुलाखतीचं साल पेन्सिलीनं लिहा. संपादक वेगवेगळ्या दशकांतली वाक्यं शेजारी मांडतो आणि माणसं एका टेबलाशी बसून बोलताहेत असं वाटू लागतं. प्रत्यक्षात हे पाच जण 1984 मध्ये पुन्हा एकत्र आले, गिलन 1989 मध्ये बाहेर पडला, 1992 मध्ये परतला, आणि 1993 मध्ये ब्लॅकमोरनं बँड कायमचा सोडला. 1985 मधला गिलन आणि 1990 मधला गिलन ब्लॅकमोरबद्दल एकाच सुरात बोलणार नाही. तुमच्या पुस्तकात सालं छापली नसतील, तर मागे मुलाखतींची यादी आहे का ते बघा. तीही नसेल, तर त्या प्रकरणातलं भांडण सोडून फक्त कामाबद्दलचं वाचा.