गाडी साउंडप्रूफ केल्यापासून मागून आलेली ॲम्ब्युलन्स ऐकूच येत नाही. काय करता येईल?

प्रश्न थोडक्यात असा आहे: दारं, छत, फ्लोअर, डिकी अशा सगळीकडे ब्युटाइलच्या शीट लावून घेतल्या, दारांना जादा रबरी बीडिंगही बसवलं. एसी आणि गाणी चालू असली की कर्वे रस्त्यावर ॲम्ब्युलन्स अगदी मागे येऊन उभी राहिली तरी पत्ता लागत नाही, आरशात दिवा दिसला तरच कळतं. केलेलं सगळं काम काढून टाकावं का?

सगळं नको. बीडिंग काढा, बाकीचं राहू द्या. पण खरी चूक शीटमध्ये कमी आणि गाण्यांच्या आवाजात जास्त आहे. थोडा हिशोब मांडला की लगेच पटेल.

सायरनचा आवाज ३ मीटरवर ११५ डेसिबल धरू. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात, म्हणजे ३० मीटरवर ९५ आणि १०० मीटरवर ८५ च्या आसपास. साध्या गाडीच्या बंद काचा यातले साधारण २५ डेसिबल अडवतात, तुमच्यासारख्या बंदिस्त गाडीत ३० ते ३५. आता आतली बाजू बघा. गाणी जोरात असली की ड्रायव्हरच्या कानाशी ७० डेसिबल सहज भरतात. लक्ष समोरच्या रिक्षावर असताना इशाऱ्याचा आवाज जाणवायला तो आतल्या गोंगाटापेक्षा १० ते १५ डेसिबल वर असावा लागतो. सायरनचा जोर कुठल्याही क्षणी एकाच सुरात एकवटलेला असल्यामुळे कान त्याला यापेक्षा खालीही शोधून काढतो, पण ते कान देऊन ऐकलं तर. तर आत ८० ते ८५ हवेत, गाडीनं अडवलेले ३२ मिळवले की बाहेर ११२ ते ११७ लागतात. म्हणजे बरोबर ३ मीटर. ॲम्ब्युलन्स बंपरला टेकल्यावर कळतं ते यामुळेच.

हाच हिशोब गाणी बंद आणि ब्लोअर एकवर ठेवून करा. आतला गोंगाट ५८ पर्यंत खाली येतो, आणि तीच साउंडप्रूफ गाडी असूनही सायरन १३-१४ मीटरवर कळू लागतो. साध्या काचांच्या गाडीत ३० मीटर. काच थोडी खाली असेल तर कागदावर १०० मीटर, पण त्या फटीतून रस्त्याचा कलकलाटही आत येतो, म्हणून ६०-७० धरा. ४० च्या वेगानं येणारी ॲम्ब्युलन्स सेकंदाला ११ मीटर कापते. १३ मीटर म्हणजे तुमच्या हातात एक सेकंद, ६० मीटर म्हणजे पाच-सहा. नळ स्टॉपच्या गर्दीत डावीकडे सरकायला एक सेकंद कुणालाच पुरत नाही, पाच पुरतात. मध्ये पीएमपीची बस आली तर हे सगळे आकडे आणखी घसरतात, कारण सायरन तिच्या आडोशाला जातो.

आता शीटबद्दल. गाडीतली घरघर आणि सायरन आत येण्याच्या वाटा वेगळ्या आहेत. टायरचा आवाज आणि रस्त्याची थरथर फ्लोअर, व्हील आर्च आणि डिकीतून येते आणि ती खालच्या सुराची असते. सायरनचा जोर साधारण ५०० ते १८०० हर्ट्झमध्ये असतो आणि तो मुख्यतः काचांतून आणि दारांच्या फटींतून येतो. खालच्या सुराचा गोंगाट वरच्या सुरांना झाकून टाकतो, उलटं फारसं होत नाही. त्यामुळे फ्लोअर आणि व्हील आर्चवरच्या शीट तुमच्या शत्रू नाहीत, उलट त्यांच्यामुळे सायरन ऐकायला मदतच होते. त्या काढल्यात तर पैसे गेले आणि टायरची घरघर परत आली. छतावरची शीटही राहू द्या, नाहीतर जुलैत पत्र्यावर पाऊस ताशासारखा वाजेल.

काढायचं ते दारांच्या कडेचं जादा बीडिंग. कंपनीचं मूळ रबर तसंच राहू द्या, फक्त नंतर चिकटवलेली पट्टी काढा. हेअर ड्रायरनं गरम करत एका कोपऱ्यातून हळूहळू ओढा. थंड असताना ओढली तर गोंद रंगावर राहतो. राहिलाच, तर कापडाला थोडं रॉकेल लावून पुसा आणि लगेच शाम्पूनं धुवा. दार उघडंच आहे तर खालची पाणी निघायची भोकं तपासा. शीट लावणारे घाईत ती बुजवतात, मग पावसाचं पाणी दारात साठतं आणि दोन पावसाळ्यांत पत्रा खालून गंजतो. आणि कुणी आणखी एक थर मारायचा सल्ला देत असेल तर नको म्हणा. ब्युटाइलचं काम पत्र्याची थरथर मारणं आहे, ते पत्र्याच्या मधल्या भागाचा पाव ते तीस टक्के हिस्सा झाकला की बरंचसं साधतं. पुढचं बहुतेक नुसतं वजन.

गाण्यांसाठी सवय एकच: ड्रायव्हरच्या डोक्याशी फोन धरून आवाज मोजणाऱ्या ॲपमध्ये ६५ च्या वर जाऊ देऊ नका. फोनचा आकडा दोन-चार डेसिबलनं चुकतो, पण एवढ्यासाठी चालतो. म्युझिक सिस्टिमच्या सेटिंगमध्ये वेगाबरोबर आवाज वाढवण्याची सोय असते, ती बंद करा. हायवेवर ती गुपचूप आवाज चढवत नेते. बेस दोन पायऱ्या उतरवा, झाकून टाकणारा मुख्य गुन्हेगार तोच. ब्लोअर एक किंवा दोनवर ठेवा. दुपारी गाडी तापलेली असेल तर आधी दोन मिनिटं काचा उघडून गरम हवा जाऊ द्या, मग एसी. चारवर ठेवायची वेळ येत नाही.

काचेबद्दल लोकांना वाटतं की अर्धी तरी खाली घ्यावी लागेल. लागत नाही. आवाज अडवणाऱ्या भिंतीत शंभरावा भाग जरी उघडा असला, तर बाकीची भिंत कितीही जाड असू दे, अडवणूक २० डेसिबलच्या वर जात नाही. दाराची काच सुमारे ४५ सेंटीमीटर उंच धरली तर एक सेंटीमीटरची फट म्हणजे दोन टक्के, अडवणूक १७ वर आली. दोन सेंटीमीटरला १४. म्हणजे बोटभर फटीनं हजारोंच्या शीट निम्म्यावर आणता येतात, त्याही फक्त चौकाजवळ आणि हॉस्पिटलच्या आसपास. ससूनसमोर किंवा म्हात्रे पुलाकडून एरंडवण्यात शिरताना हे करा, पुढे मोकळ्या रस्त्यावर बंद करा. दारावर रेन व्हायजर असेल तर पावसातही जमतं.

पण एकच काच उघडू नका. दिशा ओळखताना कान दोन्ही बाजूंच्या आवाजातला फरक मोजतात. फक्त उजवी काच उघडी असेल तर सगळे आवाज उजवीकडूनच आत येतात आणि डावीकडच्या गल्लीतून येणारी ॲम्ब्युलन्सही उजवीकडे वाटते. माणूस मग नेमका तिच्या वाटेत सरकतो. पुढची उजवी आणि मागची डावी अशी तिरकी जोडी उघडा. मागची एकटी काच उघडल्यावर वेगात जी धबधब कानावर आदळते, तीही यानं बरीच कमी होते.

जाता जाता: २०२१ मध्ये नितीन गडकरींनी नाशिकच्या एका कार्यक्रमात सायरनऐवजी आकाशवाणीची धून वाजवावी असा विचार बोलून दाखवला होता. कानाला ती नक्कीच बरी वाटेल. पण सायरन वर-खाली चढत-उतरत वाजतो त्यालाही कारण आहे. कुठला ना कुठला सूर गाडीच्या एखाद्या कच्च्या जागेतून आत घुसतोच, शिवाय सरकणारा सूर कानाला ठळक वाटतो. एका संथ धुनेला बंद काचेतून हे जमणं अवघड.

इलेक्ट्रॉनिक्सचा नाद असेल तर पुढचं वाचा. बाहेर माइक लावून तोच आवाज आतल्या स्पीकरवर देणं ही पहिली सुचणारी कल्पना, आणि माझ्या मते वाईट कल्पना. चाळीसच्या वर वाऱ्याची फरफर सायरनपेक्षा मोठी येते आणि पुण्यात दर दहा सेकंदांनी कुणाचा तरी हॉर्न कानात. दोन दिवसांत तुम्ही ते बंद कराल. त्याऐवजी आवाज बाहेरच ओळखा आणि आत फक्त दिवा लावा.

लागणारं सगळं तपकीर गल्लीत मिळेल: एक ईएसपी३२ बोर्ड (प्रोग्रॅम करता येणारी छोटी चिप), दोन आयएनएमपी४४१ डिजिटल माइक, बारा व्होल्टवरून पाच व्होल्ट करणारा एलएम२५९६ चा बक कन्व्हर्टर, एक अँपियरचा फ्यूज, व्होल्टेजचे झटके झेलणारा २४ व्होल्टचा टीव्हीएस डायोड आणि दोन एलईडी. डायोड विसरू नका. गाडीचं चार्जिंग १४ व्होल्टच्या आसपास असतं, पण अधूनमधून मोठे झटके येतात आणि बोर्ड उडतो. पॉवर चावीबरोबर चालू होणाऱ्या फ्यूजवरून, फ्यूज टॅप वापरून घ्या. पिवळ्या वेष्टणाच्या वायरींना हात लावू नका, त्या एअरबॅगच्या असतात.

माइक मागच्या बंपरच्या दोन टोकांना, पण चाकांपासून लांब, भोक खाली तोंड करून. पुढे लावला तर स्वतःचा हॉर्न आणि रेडिएटरचा पंखाच ऐकत बसेल. या माइकचं भोक चिपच्या वरच्या चकचकीत टोपणावर नसून खाली सर्किटच्या पट्टीतच असतं. वरची बाजू बाहेर ठेवून गोंदानं चिकटवला की भोक बुजतं आणि माणूस प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतो. भोकावर हवा जाऊ देणारा पण पाणी अडवणारा जलरोधी पडदा लावा, आणि पडदा व माइक यांच्यात रबरी वायसर घाला, म्हणजे कडेनं आवाज गळणार नाही. दोन्ही माइक एकाच डेटा वायरवर चालतात: एकाची एल-आर पिन ग्राउंडला, दुसऱ्याची ३.३ व्होल्टला. मात्र या वायरी डॅशबोर्डपर्यंत नेऊ नका. इतक्या लांबीवर क्लॉकचा सिग्नल बिघडतो आणि आवाजाऐवजी खरखर मिळते. बोर्ड डिकीत ठेवा, माइकच्या वायरी शक्य तितक्या आखूड, आणि पुढे फक्त दिव्याची वायर न्या.

ओळखण्याची पद्धत साधी ठेवा. १६ किलोहर्ट्झनं नमुने घ्या, १०२४ नमुन्यांचा एफएफटी (आवाजातले सूर वेगळे काढणारं गणित) करा. दर ६४ मिलिसेकंदांनी कुठला सूर किती मोठा याचं एक चित्र मिळतं आणि त्यातलं एक घर साधारण १५.६ हर्ट्झचं. ५०० ते १८०० हर्ट्झमधलं सर्वांत उंच टोक शोधा. ते शेजाऱ्यांपेक्षा १० डेसिबल वर आहे आणि दोन-तीन सेकंद न तुटता वर किंवा खाली सरकतंय, तरच दिवा लावा. साध्या हॉर्नचा सूर जागचा हलत नाही, म्हणून तो गळून पडतो. गोंधळ करतात ते ट्रकचे सुरावटीचे हॉर्न. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ११९ व्या नियमानं ते बंद आहेत, पण नवले पुलावर उभे राहून बघा किती बंद आहेत ते. त्यांचा सूर पायऱ्यापायऱ्यांनी उडी मारतो, सायरनचा घसरत जातो. प्रोग्रॅममध्ये हा फरक धरला की खोटे इशारे बरेच घटतात. डाव्या आणि उजव्या माइकमधला आवाजाचा फरक दिशेसाठी वापरता येतो, पण भिंतींवरून परतणाऱ्या आवाजामुळे पेठांच्या गल्ल्यांत तो फसतो. तिथे दिव्याला फक्त "मागे काहीतरी आहे" एवढंच म्हणू द्या.

रास्पबेरी पाय हा छोटा संगणक असेल तर आवाज ओळखणारं गूगलचं यामनेट मॉडेल वापरता येतं. ५२१ प्रकारचे आवाज ते ओळखतं, त्यात ॲम्ब्युलन्सचा सायरन आणि गाडीचा हॉर्न हे वेगळे प्रकार आहेत. त्याला १६ किलोहर्ट्झचा एकेरी आवाज लागतो आणि एका वेळी ते ०.९६ सेकंदाचा तुकडा बघतं. लागोपाठ तीन तुकड्यांत सायरन आला तरच दिवा, असं ठेवा. दिवा आरशाच्या चौकटीपाशी बसवा, म्हणजे नजर आपोआप मागे जाते. स्पीडोमीटरजवळ लावलात तर तो आणखी एक वॉर्निंग दिवा होऊन बसतो.

काहीही करण्याआधी आणि नंतर एक मोजणी घ्या. रविवारी सकाळी वस्तीपासून लांबच्या मोकळ्या मैदानात गाडी इंजिन आणि ब्लोअर चालू करून उभी करा. मित्राची गाडी मागे १० मीटरवर, त्यानं हॉर्न एकदा छोटा वाजवायचा. तुम्ही डोळे समोर ठेवून बसा आणि कळलं की हात वर करा. मग २०, ४०, ६० मीटर. आधी गाणी बंद, मग ६५ ला, मग तुमच्या नेहमीच्या आवाजाला. प्रत्येक वेळी काचा बंद आणि मग दोन सेंटीमीटर उघड्या. हॉर्न सायरनपेक्षा हळू असतो, त्यामुळे हे मीटर सायरनला लावू नका. फक्त आधी आणि नंतर किती फरक पडला ते बघा. हॉर्न केव्हा वाजणार हे तुम्हाला माहीत नसावं, नाहीतर कान आधीच टवकारलेले असतात आणि आकडे उगाच चांगले येतात.