आयएसएलच्या (इंडियन सुपर लीगच्या) आधी भारतात खरी फुटबॉल लीग होती का? आणि आताची लीग नक्की चालते कशी?

तुम्ही विचारलंय की २०१४ च्या आधी देशपातळीवर खरी लीग होती, की सगळा कोलकात्याचाच खेळ होता. लीग होती. १९९६-९७ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली, पहिलं विजेतेपद फगवाड्याच्या जेसीटीने नेलं आणि २००७-०८ पासून तिची आय-लीग झाली. एवढ्यावर थांबता आलं असतं, पण 'सगळा कोलकात्याचाच खेळ' हे वाक्य मी फार वर्षं ऐकतोय.

२००४-०५ ते २०१२-१३ हे सलग नऊ हंगाम बघा. डेम्पो पाच वेळा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, साळगावकर एकदा आणि मुंबईचा महिंद्रा युनायटेड एकदा. नऊपैकी आठ विजेतेपदं गोव्यात, उरलेलं मुंबईत. कोलकात्याच्या मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या दोघांच्या वाट्याला त्या नऊ वर्षांत एकही नाही.

डेम्पोची पाचही विजेतेपदं आर्मांदो कोलासो या एकाच प्रशिक्षकाची. आपल्याकडे दोन सामने हरले की प्रशिक्षक बदलतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो. संघाचा कणाही वर्षानुवर्षं तोच राहिला: मागे महेश गवळी आणि समीर नाईक, मध्ये क्लायमॅक्स लॉरेन्स आणि क्लिफर्ड मिरांडा, पुढे रँटी मार्टिन्स आणि बेटो. २००८ मध्ये हा संघ एएफसी कप या आशियाई क्लबांच्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोचला. आणि २००५-०६ ला जिंकलेल्या महिंद्राचे प्रशिक्षक डेरिक परेरा, तेही गोव्याचेच.

मग हे सगळं गेलं कुठे? महिंद्राने २०१० मध्ये संघ बंद केला, शालेय फुटबॉलवर भर द्यायचा म्हणून. पुणे एफसी २०१२-१३ मध्ये दुसरा आला आणि २०१५ मध्ये संपला. मुंबई एफसी २०१७ मध्ये खालच्या श्रेणीत गेला आणि तिथेच आटोपला. या सगळ्यांचं दुखणं एकच. क्लबचा खर्च मालकाच्या खिशातून, स्वतःचं मैदान नाही, तिकिटं आणि प्रक्षेपण यांतून हाती फारसं काही येत नाही. मालकाचं मन किंवा धंदा बदलला की क्लब गेला.

गोव्याची गोष्ट वेगळी आहे, आणि ती नेहमी चुकीची सांगितली जाते. डिसेंबर २०१० मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्स या कंपनीशी १५ वर्षांचा, ७०० कोटींचा करार केला. त्यातून २०१४ मध्ये आयएसएल आली. २०१६ मध्ये प्रस्ताव आला की आयएसएल वरची श्रेणी, आय-लीगचे क्लब खालच्या श्रेणीत, आणि खालून वर जायला दार नाही. साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी माघार घेतली, पाठोपाठ डेम्पोनेही. 'स्पर्धेला घाबरले' असं म्हणणाऱ्यांनी तारखा बघाव्यात. डेम्पो २०१४-१५ मध्ये खाली घसरला होता हे खरं, पण २०१५-१६ ची दुसरी श्रेणी जिंकून वर यायचा हक्क त्याने कमावला होता. हक्क हातात असताना त्याने तो सोडला. याला घाबरणं म्हणत नाहीत.

आता आयएसएल चालत आली कशी, ते. २०२४-२५ च्या हंगामात प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येकाशी दोनदा खेळला, घरी आणि बाहेर. तेव्हा १३ संघ होते, म्हणजे प्रत्येकी २४ सामने. गुणतक्त्यात पहिला येणाऱ्याला शील्ड मिळायची (२०१९-२० पासून, पहिली एफसी गोवाने नेली) आणि आशियाई स्पर्धेची वाट त्या शील्डमधून जायची. कप वेगळा, तो बाद फेरीतून ठरायचा. पहिले दोन थेट उपांत्य फेरीत, तिसरा-सहावा आणि चौथा-पाचवा यांच्यात एकेक बाद सामना, वरच्या क्रमांकाच्या घरी. उपांत्य फेरी दोन सामन्यांची, अंतिम एकच, असं तेव्हा होतं. गुण सारखे झाले तर आधी गोलफरक बघतात असं अनेकांना वाटतं. तसं नाही, आधी त्या दोन संघांचे आपसातले सामने मोजतात. २०२०-२१ मध्ये मुंबई सिटी आणि एटीके मोहन बागान दोघांचे ४० गुण होते. मुंबईने दोन्ही सामने जिंकले होते, म्हणून शील्ड मुंबईची. मी शील्डलाच लीगचं विजेतेपद मानतो. चार महिने पहिला राहिलेला संघ एका संध्याकाळी हरला म्हणून विजेता नाही, हे मला पटत नाही.

क्लबला दर वर्षी परवाना लागतो. क्रीडा, सुविधा, मनुष्यबळ, कायदेशीर आणि आर्थिक असे पाच निकष. गाडं अडतं ते बहुधा शेवटच्यावर: खेळाडूंची थकबाकी आणि लेखापरीक्षण झालेला हिशेब.

आय-लीगचा विजेता वर येऊ लागला तो २०१९ मध्ये क्वालालंपूरला ठरलेल्या आराखड्यानुसार. २०२३ मध्ये पंजाब एफसी, २०२४ मध्ये कोलकात्याचा मोहम्मडन. खाली मात्र २०२४-२५ पर्यंत एकही संघ गेला नाही. तळाला राहण्याची शिक्षा नसेल तर फेब्रुवारीनंतर अर्ध्या तक्त्याला खेळायला कारण उरत नाही. लीग म्हणायची तर दार दोन्ही बाजूंनी उघडं हवं, माझं एवढंच म्हणणं आहे.

एक गोष्ट मान्य करायला हवी. जुन्या लीगमध्ये मैदानं खराब होती, सामने भर उन्हात लागायचे आणि खेळाडूंच्या पगाराचा भरवसा नसायचा. आयएसएलने मैदानं, प्रक्षेपण आणि खेळाडूंचं मानधन सुधारलं. परदेशी खेळाडूही कमी होत गेले. सुरुवातीला अकरात किमान पाच भारतीय लागायचे, २०२१-२२ पासून सात. गोव्यातल्या क्लबांमागे खाणीचा पैसा होता आणि २०१२ च्या खाणबंदीने तिथली आर्थिक घडी बिघडली, हेही विसरून चालणार नाही. तरी २०१६ ची माघार त्या बंदीच्या खात्यात टाकू नका. क्लबचे मालक असलेल्या डेम्पोंनी खाणधंदा २००९ मध्येच विकला होता, आणि त्यानंतरही संघाने दोनदा आय-लीग जिंकली.

तुम्हाला कुणी 'आयएसएलने भारतात व्यावसायिक फुटबॉल आणलं' असं ऐकवलं, तर त्या नऊ हंगामांचे विजेते त्याच्याकडून ओळीने वदवून घ्या. डेम्पो २०२४-२५ मध्ये आय-लीगमध्ये परत आला, वरच्या श्रेणीत नव्हे, तर २०१६ मध्ये नाकारलेल्या त्या खालच्या श्रेणीत. फरक इतकाच की आता तिथून वर जायला वाट आहे.