वाचक विचारतात: बिअरच्या रंगावर जाऊ नका

प्रश्न: मी डब्लिनला असतो. पुढच्या शनिवारी आम्ही चार मित्र ओ'हारा'ज ब्रुअरीच्या चार बिअर चाखून बघणार आहोत: पेल एल (फिकट सोनेरी), रेड एल (तांबूस), स्टाउट (काळी) आणि 'लॅन फोलॉइन' ही कडक स्टाउट. फिकटकडून काळीकडे जावं असा बेत आहे. क्रम बरोबर आहे का? प्रत्येकी किती घ्यावी?
– एक वाचक, डब्लिन

उत्तर: क्रम बदला. रंग बघून लावलेला क्रम या ब्रुअरीच्या बाबतीत हमखास चुकतो. आयर्लंडच्या कार्लो परगण्यातली ही कंपनी 1996 मध्ये सुरू झाली, तीही बॅरो नदीच्या खोऱ्यात, म्हणजे माल्टसाठी (मोड आणून वाळवलेल्या धान्यासाठी) लागणाऱ्या बार्लीच्या मुलखात. त्यामुळे इथे माल्टची चव समजून घेणं महत्त्वाचं, आणि नेमकी तीच चव चुकीच्या क्रमात दबून जाते.

लेबलवरचे अल्कोहोलचे आकडे बघा. काळीभोर स्टाउट 4.3 टक्के, रेडही 4.3. सोनेरी दिसणारी पेल एल मात्र 5.2. म्हणजे काळी ती जड, हा समज इथेच खोटा ठरतो. स्टाउटचा काळा रंग येतो तो थोड्याशा करपेपर्यंत भाजलेल्या बार्लीमुळे. दुधात चमचाभर कॉफी पडली की रंग पालटतो, दूध काही दाट होत नाही, तसंच हे.

आता पेल एल आधी घेतली तर काय होतं? तिच्यात हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं, भरपूर, शिवाय वासासाठी आंबवल्यानंतर पुन्हा हॉप्स घातलेले. हा कडवटपणा जिभेवर साचत जातो, प्रत्येक घोटागणिक वाढतो. त्यावर रेड एल घेतलीत तर तिचा कॅरमलसारखा हलका गोडवा आणि शेवटी येणारी भाजकी कोरड हाती लागणार नाही. पाणचट आहे म्हणून तुम्ही तिला नावं ठेवाल, आणि दोष तिचा नसेल.

म्हणून आधी रेड, मग स्टाउट, तिसरी पेल एल आणि शेवटी 6 टक्क्यांची लॅन फोलॉइन. पेल एलनंतर दहा मिनिटं थांबा, पाणी प्या, बिनलोण्याच्या साध्या पावाचा तुकडा खा. लॅन फोलॉइनमधला गडद चॉकलेटचा भाग त्याशिवाय नीट कळत नाही.

अर्ध्या लिटरची बाटली चौघांत वाटली की प्रत्येकी 125 मिलिलिटर. वास घ्यायला आणि तीन-चार घोटांना एवढी पुरते. चारही मिळून माणशी अर्धा लिटर होते; त्यात साधारण 20 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, म्हणजे आयर्लंडच्या हिशेबाने दोन प्रमाणित पेग. गाडी घरीच ठेवा.

थंडाव्याकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. फ्रिजमधून काढल्या काढल्या, म्हणजे 4 अंशांवर, स्टाउट ओतली तर वास उठतच नाही आणि नुसती कडू लागते. पेल एल 7-8 अंशांवर चांगली, रेड 8 ते 10, साधी स्टाउट 10 आणि लॅन फोलॉइन 12 पर्यंत. थर्मामीटर नसेल तर पेल एल ओतायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी बाहेर काढा, बाकीच्या अर्धा-पाऊण तास आधी.

ग्लास स्वच्छ हवा, आणि 'स्वच्छ' म्हणजे तेलाचा अंशही नको. साबण लावून धुतल्यावर गार पाण्याने भरपूर खळबळा आणि उपडा ठेवून वाळवा. ओट्यावरच्या फडक्याने पुसू नका. ओतल्यावर काचेच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून राहिले तर ग्लास तेलकट आहे असं समजा. फरसाण-शेवही चाखून होईपर्यंत लांब ठेवा: ओठांवरचं तेल ग्लासात उतरतं आणि फेस बघता बघता बसतो. फेस गेला की वासही गेला.

ग्लास तिरका धरून ओता, अर्ध्यावर आला की सरळ करा, दोन बोटं फेस येऊ द्या. आधी दोन-तीन छोटे हुंगे. मग घोट तोंडभर फिरवून गिळा. वाइनसारखा थुंकू नका, कारण कडवटपणाचा शेवट गिळल्यावरच पुरता कळतो. अर्धा मिनिट थांबून मगच दुसरा घोट.

प्रश्न: पबमधल्या स्टाउटवर सायीसारखा फेस येतो. बाटलीतल्या स्टाउटवर तसा का येत नाही? बाटली शिळी आहे का?

उत्तर: नाही. पबच्या नळातून येणाऱ्या बऱ्याच स्टाउटमध्ये नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण असतं, त्यात नायट्रोजन जास्त. तो बिअरमध्ये फार कमी विरघळतो, म्हणून बुडबुडे बारीक आणि फेस घट्ट. ही पद्धत डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीने 1959 मध्ये आणली. काही कॅनमध्ये तेच काम प्लास्टिकचा छोटा गोळा करतो. ओ'हारा'जच्या बाटलीत फक्त कार्बन डायऑक्साइड असतो, त्यामुळे जिभेवर किंचित चुणचुण आणि भाजकी चव जास्त धारदार. चाखण्यासाठी आम्ही बाटलीच पसंत करू. नायट्रोजनच्या मऊपणात बारकावे हरवतात.

प्रश्न: डब्लिनहून आणलेली पेल एल पुण्यात उन्हाळाभर कपाटात होती. उघडली तर ओल्या पुठ्ठ्याचा वास. असं का झालं?

उत्तर: प्राणवायू आणि उष्णता. बाटलीत राहिलेला अगदी थोडा प्राणवायूही उन्हाळ्यात झपाट्याने काम करतो, आणि हॉप्सचा ताजा वास त्याआधीच उडालेला असतो. अशी बिअर अपाय करत नाही, पण तिच्यावरून ब्रुअरीची पारख करू नका. पेल एल आणली की फ्रिजमध्ये उभी ठेवा आणि महिन्या-दीड महिन्यात संपवा. लॅन फोलॉइन जास्त तग धरते. उग्र, रबर जळल्यासारखा वास असता तर दोष उजेडाचा. तो हिरव्या किंवा पांढऱ्या बाटलीत लवकर लागतो, तपकिरी बाटलीत क्वचित.

प्रश्न: स्टाउटबरोबर कालवं खातात म्हणे. आमच्याकडची चालतील का?
– एक वाचक, मालवण

उत्तर: चालतील, पण शिजवून. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर गॉलवेला 1954 पासून कालवांचा महोत्सव भरतो आणि तिथे स्टाउट असतेच: कालवांचा खारटपणा आणि बिअरची भाजकी कोरड एकमेकांना उठाव देतात. कालवांचं सुकं करणार असाल तर मिरची निम्म्यावर आणा, कारण कडवटपणा आणि अल्कोहोलने तिखट जास्त झोंबतं. ओलं खोबरं मात्र हात न आखडता घाला, आणि कोकम अगदी शेवटी, एखादंच.